मास्तरांची मोठी प्रार्थना

मास्तरांच्या दुकानात गुपचूप माप घ्यायची सोयच नव्हती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशीनं आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायला दोरीवर सरकणारा निळा पडदा. मास्तर पुढे उभे राहून टेप लावायचे आणि आकडे मोठ्यानं सांगायचे. मागे मशीनवर बसलेली त्यांची बायको ते ऐकून कापडाच्या उलट बाजूला खडूनं लिहायची. लग्न झाल्यापासून हीच पद्धत. त्यामुळे गिऱ्हाइकाची छाती किती आणि कंबर किती, हे गिऱ्हाईक, बायको, शेजारचा चष्मेवाला आणि जिना चढणारी माणसं या सगळ्यांना एकाच वेळी कळायचं. कंबरेचा आकडा सांगण्याआधी मास्तर एक क्षण थांबायचे. कितीतरी लोक त्या एका क्षणासाठी दुकानात रेंगाळायचे.

मास्तर स्वतः काटकुळे. अंगातला शर्ट अजून हँगरवरच आहे असं वाटायचं. जीभ मात्र चांगली पोसलेली. पोट सुटलेल्या बँकवाल्याला ते विचारायचे, शर्ट शिवायचाय की तंबू ठोकायचाय, तेवढं आधी ठरवा. लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलाला सांगायचे, दंडात थोडी जागा ठेवतोय, पुढेमागे ताकद आलीच तर. ज्याच्यावर बोलायचे तोच जास्त हसायचा, कारण सगळे हसत असताना आपण एकट्यानं तोंड पाडून उभं राहणं फार वाईट दिसतं. हसायची नाही ती फक्त मास्तरांची बायको. ती दातांनी दोरा तोडायची आणि पुढचं काज हातात घ्यायची.

दर बुधवारी संध्याकाळी त्याच तोंडाला दुसरं काम असायचं. चर्चची मंडळी त्या दिवशी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायची. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्या, टेबलावर झाकून ठेवलेले कप, एकमेकांच्या गुडघ्यांना लागणारे गुडघे. ज्यानं त्यानं आपापली छोटी प्रार्थना केली की शेवटी यजमान म्हणायचा, "मास्तर, मोठी प्रार्थना तुम्ही करा." मास्तर एकदा नको म्हणायचे. दुसऱ्यांदा नको म्हणावं लागू नये म्हणून लगेच उठून उभे राहायचे. मग तो दुकानातला करकरीत आवाज जो खाली यायचा, तो इतका मऊ होऊन यायचा की बँकवाला तिथे असता तर त्यानं खिडकीबाहेर कोण बोलतंय ते पाहिलं असतं. आजारी माणसं, परगावी गेलेली मुलं, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या, मास्तर कुणाला विसरायचे नाहीत. प्रत्येकाचं दुखणं ते असं अलगद उचलायचे की समोर बसलेल्या बायका डोळे मिटल्या मिटल्या रुमाल चाचपायच्या. लोक म्हणायचे, मास्तर प्रार्थना करतात तेव्हा देव खोलीत येऊन बसल्यासारखा वाटतो. हे मास्तरांच्या कानावर आलं होतं आणि तिथून ते कुठे गेलं नव्हतं.

शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर हा मास्तरांचा लहानपणापासूनचा दोस्त. एक एवढा जाड आणि एक एवढा बारीक, की दोघांत मिळून बाक बरोबर भरतो म्हणून शिक्षकांनी त्यांना शेजारी बसवलं होतं. तेव्हापासून हा त्याला ढोल्या म्हणायचा आणि तो ह्याला काड्या. मास्तरांना काड्या म्हणायची मुभा साऱ्या जगात त्या एकालाच. दोघंही एकाच चर्चचे; पण ड्रायव्हर बुधवारी फारसा यायचा नाही. सकाळी लवकर बस काढायची असते, म्हणायचा. मास्तर म्हणायचे, खरं कारण ते नाही, खुर्च्या मागून आणलेल्या असतात हे आहे.

तो ड्रायव्हर एका दुपारी पिशवीत युनिफॉर्मच्या दोन पँटी घेऊन दुकानात आला आणि कंबर आत घ्यायची म्हणाला.

मास्तरांना आयतंच सापडलं. त्यांनी चष्मेवाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं बायकोला हाक मारली आणि विचारलं की ढोल्याच्या बायकोनं स्वयंपाक सोडला की ढोल्याला सोडलं, हे तिच्या कानावर काही आलंय का. चष्मेवाला पलीकडून हसला. मास्तरांनी टेप लावला. एरवी ढोल्याला टेप लावायचा म्हणजे मिठी मारावी लागायची आणि त्या मिठीवर एक ठरलेला विनोद होता. या वेळी हात सहज मागे पोचले, टेप पुढे आला आणि येतच राहिला. आकड्याआधीचा तो क्षण लांबला. मग मास्तरांनी आकडा सांगितला, पण असा, की मागून बायकोनं विचारलं, "किती? परत सांगा." मास्तरांनी परत सांगितला नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "पडदा ओढ."

पडद्याआड दोघं जेमतेम मावत होते. तिथे ड्रायव्हरनं सगळं सांगितलं. पोटात गाठ आहे. ऑपरेशन करायचंय, ते शाळेला सुट्टी लागली की. तोवर बस चालवायला काही हरकत नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. घरात बायकोला माहीत आहे आणि आता मास्तरांना, कारण टेपशी खोटं बोलता येत नाही. शाळेत सांगितलं तर ते काळजीपोटी त्याच दिवशी घरी बसवतील.

"बसमध्ये मला कुणी तब्येत विचारत नाही, काड्या," तो म्हणाला. "पोरं विचारतात ते एवढंच, की हॉर्न वाजवू का. सुट्टी लागेपर्यंत मला तेवढं राहू दे."

मास्तरांनी मान हलवली.

"आणि मला ढोल्याच म्हणत जा," ड्रायव्हर म्हणाला. "तू बुधवारच्या आवाजात बोलायला लागलास, की मी गेलोच असं समजेन."

मास्तरांनी शब्द दिला. तो खरा होता. त्या दिवशी त्यांनी बाहेर येऊन चष्मेवाल्याला सांगितलं की ढोल्यानं गोड खायचं सोडलंय, आणि मग संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांच्या पोटांबद्दल चकार शब्द काढला नाही. बाकावर शेजारी बसलेला, पावाचा मोठा तुकडा नेहमी ह्यांनाच देणारा तो जाडा पोरगा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. बुधवारपर्यंत मास्तरांनी तोंडाला टाके घातले होते.

बुधवारी प्रार्थना ऑफिसबाईंच्या घरी होती. त्या शाळेच्याच कचेरीत कामाला; मनानं प्रेमळ, कुणाच्या घरी आजारपण असलं की सूप घेऊन सगळ्यात आधी पोचणाऱ्या. त्यांचा नातू ड्रायव्हरच्याच बसनं शाळेत जायचा. छोट्या प्रार्थना झाल्या. मोठी प्रार्थना मास्तरांना सांगण्यात आली. मास्तर उठले, डोळे मिटले आणि सुरू झाले.

आजाऱ्यांपर्यंत आले तेव्हा त्यांच्या छातीत काहीतरी दाटून आलं. ते दुःख खरंच होतं, यात शंका नको. त्यांना वाटलं, हे सांगायचं तर आता, इथे, त्यालाच. माणसाला न सांगण्याचा शब्द दिलाय. देवाला न सांगण्याचा थोडाच दिलाय.

"प्रभू, तुझा एक सेवक आहे," मास्तर म्हणाले. "त्याचं नाव मी घेत नाही, तू जाणतोस. रोज सकाळी तो तुझ्या लेकरांना घेऊन जातो आणि सुखरूप परत आणतो. त्याच्या पोटातल्या गाठीवर तुझा हात ठेव. चाक धरणारे त्याचे हात ढळू देऊ नकोस."

नाव तेवढं त्यांनी घेतलं नाही. नाव सोडून सगळं सांगितलं.

त्या दिवशीचं 'आमेन' नेहमीपेक्षा जोरात आलं. मास्तरांचे गाल ओले होते आणि अंग पिसासारखं हलकं झालं होतं. चहा पिताना कुणी काही विचारलं नाही. सगळे अगदी जपून बोलत होते. निघताना दारात ऑफिसबाईंनी फक्त हळूच विचारलं, ऑपरेशन सुट्टीत आहे का? मास्तरांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. तेही त्यांना बोलण्यात धरावंसं वाटलं नाही.

पुढचा रविवार यायच्या आत बसवर दुसरा ड्रायव्हर आला होता.

कुणीही वाईट वागलं नव्हतं. ऑफिसबाईंनी मुख्याध्यापिकेला सांगितलं ते काळजीनं. मुख्याध्यापिकेनं ड्रायव्हरला बोलावलं ते त्याहून जास्त काळजीनं. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, तुम्ही आम्हाला परके समजलात का म्हणून लटकं रागावून घेतलं आणि पूर्ण विश्रांती घ्यायला सांगितली. मुलांनी एक मोठा कागद रंगवून दिला. त्यावर 'लवकर बरे व्हा' लिहिलं होतं आणि खाली पिवळी बस काढली होती. बस चालवताना जो माणूस काढला होता त्याला दाढी होती. ड्रायव्हरला दाढी नव्हती. ती नव्या माणसाला होती.

मास्तरांना हे चष्मेवाल्याकडून कळलं. त्यांना आधी ढोल्या आठवला आणि त्याच्या मागोमाग राग आला. संध्याकाळी दुकान आवरता आवरता त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. या बायकांच्या पोटात काही म्हणून राहत नाही. प्रार्थनेत ऐकलेली गोष्ट, तिचं काही पावित्र्य आहे की नाही. डोळे मिटून ऐकायचं आणि कचेरीत जाऊन ओकायचं. आणि मी नाव तरी घेतलं होतं का?

बायकोनं मशीनवर झाकण घातलं. "मापावरून माणूस ओळखणाऱ्याच्या बायकोला विचारताय?"

मास्तर टेबलावरच्या चिंध्या गोळा करू लागले.

"तुम्ही देवाला सांगितलंत," ती म्हणाली. "देवाला ते आधीपासून ठाऊक होतं. नव्यानं ऐकणारी होती ती खोलीतली माणसं."

मास्तर म्हणाले की तिलाही ते तिथेच कळलं ना, मग तिच्या तोंडून बाहेर पडलं का. प्रश्न माणसाच्या दानतीचा आहे.

"मला तिथे नाही कळलं," बायको म्हणाली. "मला दुकानात कळलं. पडदा आहे तो, भिंत नाही."

म्हणजे ती ते तेव्हापासून जवळ घेऊन बसली होती. स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा मला माहीत आहे एवढं तिनं कळू दिलं नव्हतं. मास्तरांनी टेबलावरची कात्री उचलली, परत ठेवली आणि मग दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते ड्रायव्हरच्या घरी गेले. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. झोपलेत, म्हणाल्या. आतून रेडिओ ऐकू येत होता आणि कुणीतरी तो लगेच बारीक केला. ढोल्या दिवसा कधी झोपला नव्हता. मास्तर परत आले.

मग ते चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब वयानं तरुण, मनानं सरळ. कुणी सल्ला मागायला आलं की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. मास्तर म्हणाले की माझ्या तोंडून एक चूक झालीय. पुढचं बोलायला त्यांनी श्वास घेतला, तोच पाळकसाहेबांनी त्यांचे हात हातात घेतले. मास्तरांच्या दुकानातल्या तोंडाबद्दल त्यांच्या कानावर बरंच आलेलं होतं आणि हा विषय कसा काढावा याची ते कितीतरी दिवस वाट पाहत होते. एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी येत नाही, असं शास्त्र सांगतं, ते म्हणाले. ज्या तोंडानं आपण पित्याला धन्य म्हणतो, त्याच तोंडानं त्यानं स्वतःसारखं घडवलेल्या माणसाला हिणवायचं, हे बसत नाही. बुधवारचं तुमचं तोंड किती सुंदर आहे, मास्तर. तेच आठवडाभर दुकानात का असू नये?

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आपण कुठलं दुखणं घेऊन आलो होतो आणि औषध कुठल्या दुखण्याचं मिळालं, हे त्यांना कळत होतं. पण औषध तर मिळालं. ते घेऊन ते घरी आले.

त्या दिवसापासून दुकानात बुधवारचा आवाज सुरू झाला. बँकवाला आला तेव्हा मास्तर त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाले, "तुमची प्रकृती उत्तम आहे, भाऊ." बँकवाला संध्याकाळी जाऊन रक्त तपासून आला. एका म्हाताऱ्याला त्यांनी इतक्या मायेनं कोट घातला की तो घाबरून म्हणाला, मला काही घाई नाही. कंबरेचा आकडा आता न थांबता, हलक्या सुरात यायचा आणि मागून रोज दहादा "परत सांगा" ऐकू यायचं. दुकानात रेंगाळणारी माणसं रेंगाळेनाशी झाली. चष्मेवाल्यानं मास्तरांच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना. आणि एवढी साखर पेरूनही मास्तरांची ती चूक जिथल्या तिथे होती. रोज सकाळी नव्या ड्रायव्हरची बस जिन्यासमोरून जायची, हॉर्न वाजायचा आणि मास्तर मान खाली घालून कापड सारखं करायचे.

पुढच्या बुधवारी छोट्या प्रार्थना चालू असताना ऑफिसबाईंची पाळी आली.

"प्रभू, आमच्या एका भावाचं मन जड झालंय," त्या म्हणाल्या. "मी नाव घेत नाही. ज्याच्या हातून तू आम्हाला वस्त्रं देतोस, त्याच्या घरात शांती दे. पतीपत्नीमध्ये काही आलं असेल तर ते तू दूर कर."

मास्तरांनी डोळे उघडले. इतकी वर्षं प्रार्थना करत होते, पण मिटलेल्या डोळ्यांची ती खोली त्यांनी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांच्या माना किंचित कलल्या होत्या. शेजारच्या घरात भांडण लागलं की भिंतीशी कलतात तशा. ऑफिसबाईंच्या गालावरून खरंखुरं पाणी ओघळत होतं. आवाज मऊ, लोण्यासारखा, शब्दाशब्दाला अलगद खाली उतरणारा. आपण शिवलेला शर्ट दुसऱ्याच्या अंगावर ओळखू यावा, तसा मास्तरांना तो आवाज ओळखू आला. बाजूला बायको बसली होती. तिचे डोळे मिटलेले होते, पण कान लालबुंद झाले होते आणि मांडीवर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट आवळलेली होती.

यजमान म्हणाला, "मास्तर, मोठी प्रार्थना."

"आज दुसरं कुणी करा," मास्तर म्हणाले, आणि या वेळी कुणी कितीही आग्रह केला तरी उठले नाहीत. परत जाताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. रस्ता नेहमीचाच होता, पण लांबला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मास्तरांनी दुकान बंद केलं. गळ्यातला टेप काढायचं भान राहिलं नाही. ड्रायव्हरच्या दारात वहिनींनी पुन्हा तेच सांगितलं, झोपलेत. मास्तर म्हणाले, झोपू दे, आणि पायरीवर बसले. दार बंद झालं. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीत येऊन पाहिलं, मग तिच्या सुनेनं पाहिलं. मास्तर बसून राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक; पायरीवरची सावली सरकून त्यांच्या बुटांवर आली होती, तेव्हा मागे कडी वाजली.

"पायरीवर बसून आता समोरच्यांना काय सांगायचंय?" ड्रायव्हर म्हणाला.

मास्तर आत गेले. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या. खिळ्याला ड्रायव्हरची टोपी अडकवलेली होती आणि फळीवर मुलांचा तो रंगवलेला कागद, चित्र भिंतीकडे करून. ड्रायव्हर खुर्चीत बसला, तर खुर्ची मोठी दिसली.

"भाऊ," मास्तरांनी सुरुवात केली, "माझ्या हातून..."

"हा आवाज बाहेर ठेवून ये."

मास्तरांनी तोंड मिटलं. बाजूच्या खोलीत वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा हातही थांबला असावा, कारण तिकडून काही ऐकू येईना.

"तू मला शिवी दिली असतीस ना, तर सोपं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "दोन मीही दिल्या असत्या, झालं असतं. तू प्रार्थना केलीस. त्यावर चिडायचं कसं, ते मला येत नाही. रोज सकाळी त्याच वेळेला जाग येते, इथे बसतो आणि चिडायचा प्रयत्न करतो. मग कुणीतरी सूप घेऊन येतं. हळू आवाजात बोलतं."

मास्तरांकडे सांगायला पुष्कळ होतं. नाव घेतलं नव्हतं, मन भरून आलं होतं, ऑफिसबाईंनी गप्प बसायला हवं होतं. येताना रस्ताभर ते सगळं त्यांनी घड्या घालून नीट रचून ठेवलं होतं. त्यातलं काहीही अंगाला बसेना.

"मला बरं वाटत होतं, ढोल्या," ते म्हणाले. आवाज दुकानातलाही नव्हता आणि बुधवारचाही नव्हता. तो कुठला होता हे त्यांनाही कळलं नाही. "बोलताना मला फार बरं वाटत होतं. सगळे रडत होते. मीही रडत होतो. तू त्यात कुठेच नव्हतास."

ड्रायव्हरनं टोपीकडे पाहिलं. "बस आता मिळायची नाही," म्हणाला.

"नाही."

"सुट्टीनंतर मी असलो तरी मिळायची नाही. एकदा दुखणेकरी म्हटलं की म्हटलं."

परमेश्वर सगळं नीट करेल, हे वाक्य मास्तरांच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं आणि कदाचित ते खरंही असेल. पण त्यांनी ते गिळलं.

थोड्या वेळानं ड्रायव्हर टेबलाला धरून उठला. "दवाखान्यात घालून जायला एक पँट अंगावर टिकत नाही," तो म्हणाला. "नाडी बांधून गेलो तर डॉक्टर म्हणतील, ह्याचा शिंपी ह्याच्याआधी गेला वाटतं." आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

मास्तरांच्या लक्षात आलं की टेप आपल्या गळ्यातच आहे. त्यांनी तो लावला. तोंड सवयीनं उघडलं, आकड्याआधीचा तो क्षण आला आणि तिथेच थांबून राहिला. ड्रायव्हर खाली पाहत नव्हता. तो भिंतीकडे पाहत होता, एखाद्या निकालाची वाट बघावी तसा.

"पोट आत घेऊ नकोस, ढोल्या," मास्तर म्हणाले. "माप चुकतं माझं."

आत घ्यायला पोट राहिलंच नव्हतं. ड्रायव्हरच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निघालं, खोकल्यात अडकलं आणि पुन्हा थोडं निघालं. "हसवू नकोस, काड्या," तो म्हणाला, "दुखतं." त्यानं हात खाली घेतले नाहीत. पलीकडच्या खोलीत वहिनींनी कपाटाचं दार उघडलं, मग लावलं.

निघताना ड्रायव्हर दारापर्यंत आला नाही. परत ये असंही म्हणाला नाही. पँट कधी देशील, एवढं विचारलं.

दुकानाच्या वळणावर ऑफिसबाई भेटल्या. हातात झाकण लावलेला डबा होता. मास्तर कुठून येताहेत ते त्यांनी पाहिलं होतं. कसे आहेत हो ते, त्यांनी विचारलं. नीट काही कळलं तर येत्या बुधवारी त्यासाठी नेमकी प्रार्थना करता येईल. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांत खरी माया होती, आणि तिच्याशी कसं वागायचं हे मास्तरांना अजून नीट उमगलेलं नव्हतं.

"पँट शिवायला टाकलीय त्यांनी," मास्तर म्हणाले.

"आणि?"

"आणि सुट्टीआधी हवीय."

बाई थांबल्या, पुढे काही येतंय का म्हणून. काही आलं नाही. मग त्या डबा सांभाळत पुढे गेल्या. त्या आता ड्रायव्हरच्या घरीच निघाल्या होत्या हे मास्तरांना कळत होतं, आणि त्यावर त्यांच्याकडे काही उपाय नव्हता.

दुकानात बायको आधीच येऊन बसली होती. मास्तरांनी कपाटातून राखाडी कापड काढलं, टेबलावर पसरलं. तिनं मशीन थांबवलं, खडू उचलला आणि नेहमीसारखी वाट पाहत म्हणाली, "सांगा."

पलीकडे चष्मेवाला काच पुसत होता. जिन्यावर कुणाची तरी पावलं होती. मास्तर मागे गेले. त्यांनी तिच्या हातातून खडू घेतला, कापडाची कड उलटली आणि उलट बाजूला स्वतः आकडा लिहिला. हाताला सवय नव्हती, वाकडातिकडा झाला.

तिनं तो वाचला. परत सांगा म्हणाली नाही. तिनं तळहात त्या आकड्यावर ठेवला, पुसला जाणार नाही इतका हलका. मास्तर तिथेच उभे होते. थोड्या वेळानं तिनं कापड सुलट केलं आणि त्यांना म्हणाली, "कात्री द्या."